मनू होते तेव्हा

माझ्या चुलतभावाच्या मुलीला परवा एका मालिकेच्या ऑडिशनसाठी बोलावणं आलं आणि रात्री वहिनीचा फोन. "तू केलंयस ना लहानपणी. काय काय असतं गं, सांग ना." मी पाऊण तास बोलले. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की सगळं उलटसुलट सांगितलं, निम्मं राहिलंच. म्हणून आता लिहून काढते.

2006 च्या मे महिन्यात मी आठ वर्षांची होते. डोंबिवलीत सुट्टीतलं नाट्यशिबिर चालू होतं. तिथल्या सरांनी आईला सांगितलं की अंधेरीला एका मालिकेसाठी लहान मुली बघतायत, घेऊन जाऊन तर या. गेलो. एका फ्लॅटचं केलेलं ऑफिस, जिन्यापर्यंत मुलींची आणि आयांची रांग, प्रत्येक आईच्या हातात कंगवा. आत एका कोऱ्या भिंतीसमोर उभं केलं. नाव सांग, वय सांग, उंची सांग. डावीकडे वळ. उजवीकडे वळ. शिबिरात शिकवलं होतं की आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला पाहिजे, तर मी तसंच खणखणीत नाव सांगितलं. कॅमेऱ्यामागचा मुलगा दचकला आणि म्हणाला, "बाळा, मी इथेच आहे."

मला वाटलं गेलं. पण आठवड्याने पुन्हा बोलावलं, मग लुक टेस्टला बोलावलं, दोन वेण्या आणि फ्रॉक घालून फोटो काढले, आणि मी 'मनू' झाले. एका मोठ्या एकत्र कुटुंबातली धाकटी नात. मालिकेचं नाव मुद्दाम सांगत नाही. ज्यांना आठवेल त्यांना आठवेल.

आई तयार कशी झाली याची गंमत आहे. तिच्या डोक्यात मालिका म्हणजे दूरदर्शनची मालिका. आठवड्यातून एकदा लागणारी, तेरा भागांत संपणारी. तिने हिशोब केला की फार तर तीन महिने, शाळेत सांगून रजा काढता येईल. दैनंदिन मालिका ती रोज संध्याकाळी बघत होती, पण ती रोज कुठेतरी बनवावी लागत असेल हे तिच्या मनात आलं नव्हतं. सोमवार ते शनिवार म्हणजे महिन्याला सव्वीस भाग, आणि जाहिराती वगळल्या तरी एका भागाला वीस-बावीस मिनिटं भरावी लागतात. ते तीन महिने अडीच वर्षं चालले.

सेट गोरेगावच्या फिल्मसिटीत होता. आमची शिफ्ट नऊ ते नऊ. म्हणजे डोंबिवलीहून साडेसहाची फास्ट, दादरला पूल चढून पश्चिमेकडे, तिथून स्लोने गोरेगाव, मग बस. येण्याजाण्याची गाडी फक्त मोठ्या कलाकारांना. आम्हाला संध्याकाळी प्रॉडक्शन मॅनेजर व्हाउचरवर सही घेऊन कन्व्हेयन्सचे पैसे द्यायचे. परतीच्या गाडीत मी आईच्या मांडीवर झोपायचे आणि माझ्या चेहऱ्यावरचा मेकअप तिच्या पदराला लागायचा. घरी पोचायला साडेअकरा. महिन्यातले बारा-पंधरा दिवस असे, बाकीचे दिवस शाळा.

वाड्याचं वर्णन करायलाच हवं, कारण मला माझ्या शाळेपेक्षा तो जास्त पाठ आहे. टीव्हीवर दुमजली वाडा दिसायचा. प्रत्यक्षात हॉल, स्वयंपाकघर आणि दोन खोल्या, प्रत्येकीला तीन भिंती. चौथ्या भिंतीच्या जागी कॅमेरे. खांब प्लायचे, वर सागवानाचा रंग. फ्रीजला वायर नव्हती, आत साउंडच्या दादांच्या बॅगा असायच्या. नळाला पाणी यायचं, पण ओट्याखाली बादली, ती भरली की कुणीतरी ओरडायचं. ताटातली पुरणपोळी सकाळपासून ठेवलेली, लाइटखाली चकाकावी म्हणून वरून तेल फिरवलेलं. "खाऊ नकोस, नुसतं चाव," असं सांगायचे. मी एकदा खाल्लं. पुढचं सांगत नाही.

आणि हॉलमधून वर जाणारा जिना. अकरा पायऱ्या. वर वळण घेऊन तो दिसेनासा व्हायचा, म्हणजे प्रेक्षकांना वाटायचं की वर माजघर, गच्ची, काय काय असेल. वर काही नव्हतं. वळणापलीकडे एक फळी टाकलेली, दोन माणसं जेमतेम उभी राहतील एवढी, आणि मागच्या बाजूने उतरायला लाइटवाल्यांचा घोडा लावलेला. घोडा म्हणजे त्यांची शिडी. खालून चौथी पायरी वाजायची. आवाज जागेवरच रेकॉर्ड होत असल्यामुळे साउंडचे दादा तिच्यावर जाम वैतागायचे. सुताराने तीनदा खिळे मारले, पण ती वाजायची थांबली नाही. शेवटी आम्ही सगळेच तिच्या कडेला पाय ठेवून चढायला शिकलो. टीव्हीवर नीट बघाल तर वाड्यातली सगळी माणसं चौथ्या पायरीवर थोडी भिंतीकडे सरकायची.

देवघर मात्र खरं वाटायचं. मूर्ती आर्ट डिपार्टमेंटच्या, समई भाड्याची, पण लाइटमन त्या कोपऱ्यात तार ओढायला गेले की चपला काढून जायचे. कुणी सांगितलं नव्हतं. मी एकदा विचारलं की हे देव तर खोटे आहेत ना. त्यांच्यातले एक वयस्कर दादा म्हणाले, "रोज दिवा लागतो ना पण."

काम कसं चालतं हे वहिनीला सगळ्यात जास्त जाणून घ्यायचं होतं, आणि तेच फोनवर सांगता आलं नाही. पहिली गोष्ट, काहीही क्रमाने होत नाही. हॉलमधले सगळे सीन आधी, मग खोलीतले. म्हणजे सकाळी आजोबांच्या आजारपणाची रडारड आणि दुपारी, तीन दिवस आधीच्या गोष्टीतला वाढदिवस. सीनचे कागद बऱ्याचदा लेखकाकडून तिथल्या तिथे यायचे, झेरॉक्स अजून गरम असायची. पाठांतराला वेळ नसायचा, पण मुलांचं पाठांतर पटकन होतं. माझा त्रास वेगळाच होता. मला समोरच्याची वाक्यंही पाठ व्हायची आणि ती बोलत असताना माझे ओठ हलायचे. "मनू, ओठ!" हे मी हजारदा ऐकलं असेल.

आधी मास्टर, म्हणजे सगळ्यांचा मिळून लांबून शॉट. मग एकेकाचे क्लोज. माझी उंची कमी, म्हणून क्लोजला मला पाटावर उभं करायचे. बाबांचं काम करणारे काका दुसऱ्या सीनला मेकअप रूममध्ये गेलेले असले की त्यांच्या जागी असिस्टंट कॅमेऱ्याशेजारी मूठ धरायचा आणि मी त्या मुठीकडे बघून "बाबा, तुम्ही जाऊ नका" म्हणायचे. प्रेक्षकांना माझी आणि बाबांची नजरानजर फार आवडायची, असं कानावर यायचं. त्यातली निम्मी मुठीशी झालेली आहे.

नावांचा घोळ होताच. सेटवर माझ्या खऱ्या आईला सगळे 'मनूची मम्मी' म्हणायचे, कारण 'मनूची आई' म्हटलं की मालिकेतली आई वळून बघायची. माझं खरं नाव तिथे कुणी वापरलं नाही. कॉल शीटवरसुद्धा 'मनू, नऊ वाजता'.

दाताची गोष्ट. साधारण सहा महिने झाले असतील. माझा वरचा एक दात हलत होता आणि ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. एके दिवशी सकाळी हॉलमध्ये हळदीकुंकवाच्या सीनचा मास्टर झाला, त्यात मी खळखळून हसते. मग जेवणाची सुट्टी झाली आणि पोळीचा तुकडा तोडताना दात हातात. मी आनंदाने तो घेऊन कंटिन्युइटी बघणाऱ्या ताईकडे धावले. तिचा चेहरा अजून आठवतो. सकाळच्या मास्टरमध्ये दात आहे, दुपारच्या क्लोजमध्ये नाही, आणि दोन्ही टीव्हीवर दोन सेकंदांच्या अंतराने दिसणार. पाच मोठी माणसं माझ्या तोंडात डोकावली. मेकअप दादा म्हणाले की काहीतरी पांढरं चिकटवून बघतो. चिकटेना. शेवटी दिग्दर्शक म्हणाले, "तोंड मिटून हस." सकाळी खळखळून हसणारी मनू त्या भागात दोन सेकंदांनी एकदम लाजायला लागते. वर माझ्या वाक्यांत तीन 'स' होते आणि तिन्ही फुर्र करून बाहेर पडायचे, ती वाक्यं काकूला दिली.

मग लेखकाने दात गोष्टीतच घातला. चार दिवसांनी सीन आला की मनूचा दात पडतो, आजोबा तिला तो तुळशीत पुरायला लावतात आणि हातावर रुपया ठेवतात. प्रॉप म्हणून माझा खरा दात मागितला, तर तो माझ्या आजीने डोंबिवलीत खरोखर तुळशीत पुरून टाकला होता. मग आर्टच्या दादांनी मेणबत्तीचा केला. क्लोज-अपमध्ये तो खऱ्यापेक्षा बरा दिसला.

आजीचं आणखी एक. मुंबईत वीज जात नसे, पण त्या काळात डोंबिवलीत लोडशेडिंग होतं, आणि कधी कधी नेमकं आमच्या मालिकेच्या वेळेला. आजी दुसऱ्या दिवशी दुपारी पुनःप्रक्षेपण बघायची. म्हणजे सगळ्या बिल्डिंगला काय झालं ते रात्रीच कुणाकुणाच्या फोनवरून कळलेलं आणि जिची नात त्यात आहे तिला दुसऱ्या दिवशी. मला तर आधीच माहीत असायचं. ती विचारायची, "आजोबा जगतात का गं?" आणि मला सांगायला बंदी होती.

आता रडण्याचं, कारण वहिनीने तेच दोनदा विचारलं. मोठी माणसं ग्लिसरीन लावून रडतात. डोळ्याच्या कडेला थेंब लावला की झोंबतं आणि पाणी येतं. मला सुरुवातीला ते लावत नव्हते, 'लहान आहे, तिचं तिला येऊ दे' म्हणून. येत नव्हतं. संध्याकाळचे सात झालेले, बँक संपत आलेली, म्हणजे हातात तयार भाग जेमतेम दोन, आणि पाच टेक झाले तरी माझे डोळे कोरडे. तेव्हा तिथल्या एकाने मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं की तुझी मम्मी ट्रेनने घरी निघून गेली, आज तुला इथेच झोपायचंय. आणि लगेच 'रोलिंग'.

रडले. इतकी रडले की वाक्यं बोलता येईनात, तरी बोलले. सीन फार छान झाला. सेटवर टाळ्या वाजल्या. आई मेकअप रूममध्येच होती, स्वेटर विणत. टाळ्या ऐकून बाहेर आली, मला काय झालंय ते विचारलं, आणि मी सांगितलं. तिने भांडण केलं नाही. ती भांडणारी नाहीच. दुसऱ्या दिवसापासून तिने स्टूल उचललं आणि प्रत्येक सीनला कॅमेऱ्याच्या बरोब्बर मागे, मला दिसेल असं, बसायला लागली. कुणी म्हणालं की ताई, तुम्ही आत बसा, तर "मला इथे उजेड बरा पडतो विणायला" असं म्हणायची. आई समोर दिसत असल्यावर मला रडू येणं शक्यच नव्हतं. मग गुपचूप ग्लिसरीन सुरू झालं. झोंबायचं, पण झोंबण्याचं काय एवढं.

त्या माणसाचा मला राग येतो का? येतो. पण तो रोज आठ माणसांच्या शिव्या खात पंधरा तास उभा असायचा, हेही मला तेव्हाच दिसत होतं. दोन्ही खरं आहे.

आता नियम वेगळे आहेत, ते वहिनीला मी आवर्जून सांगितलं. 2016 मध्ये बालकामगार कायद्यात दुरुस्ती झाली आणि 2017 च्या नियमांत चौदा वर्षांखालच्या बालकलाकारांसाठी स्पष्ट लिहिलंय. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, तीन तासांपेक्षा जास्त सलग नाही, सलग 27 दिवसांच्या वर काम नाही. निर्मात्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची, आणि मिळकतीतला किमान 20 टक्के वाटा मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकायचा. मी तिला म्हटलं, हे छापून पर्समध्ये ठेव आणि पहिल्याच दिवशी मॅनेजरच्या टेबलावर ठेव.

आमच्या वेळी आईची वही होती. तारीख, किती वाजता कॉल, किती वाजता पॅक अप, पैसे आले की नाही. चेक प्रक्षेपणानंतर तीन महिन्यांनी यायचा, त्यातून टीडीएस आणि कोऑर्डिनेटरचं कमिशन गेलेलं. शेवटच्या दोन महिन्यांच्या नोंदींपुढे काहीच लिहिलेलं नाही. ते पैसे आले नाहीत. पप्पांनी वर्षभर फोन केले, मग सोडून दिलं. जे आले ते मात्र पप्पांनी माझ्या नावावर ठेवले, आणि मी फिजिओथेरपीला गेले तेव्हा पहिल्या वर्षाची फी त्यातूनच भरली.

2008 च्या नोव्हेंबरात सिनेसृष्टीतल्या कामगार संघटनांचा संप झाला. शूटिंगं बंद, वाहिन्यांवर जुने भाग. मी दहा-बारा दिवस सलग घरी. इतकी सलग मी कित्येक महिन्यांत घरी नव्हते. पहिल्या संध्याकाळी सात वाजता आजीने देवापुढे दिवा लावला आणि धाकटा भाऊ आपणहून येऊन शेजारी बसून परवचा म्हणायला लागला. मला तो येतच नव्हता. म्हणजे मालिकेतला यायचा, पण त्यात लेखकाने चारच ओळी घेतल्या होत्या. भाऊ पुढे म्हणत राहिला आणि मी ओठ हलवत बसले.

संप मिटल्यावर आकडे पडले होते. दर आठवड्याला टीआरपी यायचा आणि त्या दिवशी सेटवरच्या चहाची चवसुद्धा बदलायची. डिसेंबरात एकदा मी ड्रेसवाल्या ताईंच्या खोलीत फ्रॉकची शिलाई घालून घ्यायला उभी होते. त्या फोनवर म्हणत होत्या, "मोठ्या मनूचं माप पाठवा ना, ब्लाउज शिवायचेत." मी आजूबाजूला बघितलं. मोठी मनू?

आईला आठ दिवस आधी माहीत होतं. गोष्ट दहा वर्षांनी पुढे जाणार होती. याला सगळे 'लीप' म्हणतात. सगळी मोठी माणसं राहणार, केसांना पांढरा रंग लागणार, आणि फक्त मुलं बदलणार. मला रडू आलं नाही. मी विचारलं की आजोबा दहा वर्षांनीसुद्धा जगतात का. आई म्हणाली, जगतात.

शेवटचा दिवस जानेवारी 2009. माझा एकच शॉट होता. मनू शाळेतून येते, "आजी, मी आले!" म्हणते, दप्तर टाकते आणि धावत जिना चढते. कॅमेरा जिन्यावरच थांबतो. क्षणभराने त्याच जिन्यावरून मोठी मनू उतरते. मध्ये कट नाही, एकाच शॉटमध्ये. दिग्दर्शकांना ते फार हवं होतं.

मी धावत वर गेले, वळणापलीकडे, फळीवर. तिथे ती आधीच उभी होती. साडी, मोठं कुंकू, अठरा-वीस वर्षांची असेल. फळीवर जागा नव्हती म्हणून तिने मला पोटाशी धरलं, आणि तिचा हात बर्फासारखा गार होता. तिचा पहिला दिवस, पहिला शॉट, आणि खाली बघायचं नाही असं सांगितलेलं, सरळ समोर बघत हसत उतरायचं. हसत हसत पडली तर सगळं पुन्हा. ती माझ्या कानाशी वाकून अगदी श्वासात म्हणाली, "किती पायऱ्या आहेत गं?"

मी नेहमी खालून मोजत आले होते. मनात पटकन उलटं मोजलं. म्हटलं, "अकरा. आठवी वाजते. भिंतीकडून पाय टाक."

ती गेली. मला फळीवरून काही दिसत नव्हतं, फक्त साडीची सळसळ ऐकू येत होती. एका हाताने घोडा धरून मी मोजत राहिले. पाच, सहा, सात.

आठवी वाजली नाही.